पीएचडी संपत आली, सायंटिफिक कम्प्युटिंगच्या फेलोशिपांना अर्ज कसा करायचा?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. मी ऐरोलीची, अप्लाइड मॅथ्समध्ये पीएचडी, थिसिस गणपतीच्या आधी सबमिट केला आणि व्हायवा (तोंडी परीक्षा) होईल जानेवारीत असं सर म्हणतायत, म्हणजे मार्च धरून चालायचं. विषय शॅलो वॉटर इक्वेशन्स, म्हणजे उथळ पाण्याची समीकरणं आणि ती कम्प्युटरवर सोडवायच्या पद्धती. त्यातही ओहोटीला जो भाग उघडा पडतो आणि भरतीला परत भिजतो तिथे गणित फाटतं ते कसं सांभाळायचं, हे माझं काम. आमच्याकडे खाडीवर फ्लेमिंगो बघायला लोक जातात, मी चिखल बघायला जाते.

स्कॉलरशिप ऑगस्टमध्ये संपली. सध्या नौपाड्यात एका क्लासमध्ये इंजिनिअरिंगच्या पोरांना एम-थ्री, म्हणजे मॅथ्सचा तिसरा पेपर, शिकवते, लाप्लास करून करून आता स्वप्नातही लाप्लास येतो. बाबांचं म्हणणं सरळ आहे, घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर एवढी आयटी पार्क आहेत, पोरगी पायथन लिहिते, मग अडलंय कुठे. ते चुकीचे आहेत असंही वाटत नाही, तोच तर प्रॉब्लेम.

तर विचारायचं हे की अमेरिकेतल्या नॅशनल लॅब्जमध्ये, म्हणजे सरकारी प्रयोगशाळांत, कोणाच्या तरी नावाने फेलोशिपा असतात, विल्किन्सन, हाउसहोल्डर वगैरे, त्या आणि साधा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची रिसर्चची नोकरी, यात नक्की फरक काय? माझ्यासारखीने भरावं का, पेपर तीन आहेत पण छापून आलेला एकच. का आधी इथलंच काहीतरी बघू? आणि रिसर्च स्टेटमेंटचा पहिला पॅरा खाली टाकलाय, तो कसा वाटतो ते बिनधास्त सांगा.

"आंशिक अवकल समीकरणे विज्ञान व अभियांत्रिकीच्या सर्व शाखांमध्ये महत्त्वाची भूमिका बजावतात. त्यांची अचूक व कार्यक्षम उकल काढणे हे आजच्या काळातील मोठे आव्हान आहे." (मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठी करून टाकलं.)

घणसोलीचा_मॅनेजर

बाबांचं ऐक. पोस्टडॉक म्हणजे पस्तिशीपर्यंत हॉस्टेलची मेस. आमच्याकडे मॅथ्स पीएचडी असलेले दोघे आहेत, सुखात आहेत, ईएमआय भरतायत.

कळवेकर_परदेशी

मॅनेजर साहेब, तिने विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय.

खाडीकाठची, मी कळव्याचा, सहा वर्षं झाली बाहेर आहे, त्यातली तीन एका नॅशनल लॅबमध्ये अशाच नावाच्या फेलोशिपवर काढली. फरक सांगतो. साध्या पोस्टडॉकमध्ये एखाद्या प्रोफेसरला किंवा ग्रूपला प्रोजेक्टचे पैसे मिळालेले असतात, काम ठरलेलं असतं आणि ते करायला त्यांना माणूस हवा असतो, म्हणजे घर त्यांचं, भिंती त्यांच्या, तू रंग लावायला. नावाच्या फेलोशिपमध्ये प्रश्न तू घेऊन जायचा, लॅब जागा देते, मशीन देते, सोबतीला माणसं देते. पगारही साध्या पोस्टडॉकपेक्षा बरा असतो, पण खरी गोष्ट ती नाही, खरी गोष्ट ही की तिथे दोन-तीन वर्षं तुझं काम तू ठरवतेस. म्हणूनच अर्जात ते हेच शोधत असतात की हिच्याकडे स्वतःचा प्रश्न आहे का.

ही नावंही उगाच दिलेली नाहीत. आर्गोन लॅबची विल्किन्सन फेलोशिप जेम्स विल्किन्सनच्या नावाने आहे, हा ट्युरिंगबरोबर इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत पायलट एस या अगदी सुरुवातीच्या कम्प्युटरवर काम केलेला माणूस, कम्प्युटर आकडे राउंड ऑफ करत जातो तेव्हा शेवटच्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा हे याने नीट बसवलं, १९७० चं ट्युरिंग अवॉर्ड त्याचं. ओक रिज लॅबची हाउसहोल्डर, म्हणजे क्यूआर फॅक्टरायझेशनला (मॅट्रिक्सचे दोन सोपे भाग पाडायला) आपण जे रिफ्लेक्शन वापरतो तोच हाउसहोल्डर. बर्कली लॅबमध्ये दोन आहेत, एक अल्वारेझच्या नावाने, त्याला १९६८ चं फिजिक्सचं नोबेल होतं, आणि एक ग्रेस हॉपरच्या नावाने, जिने १९५२ मध्ये कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, लिहिला. आर्गोनमध्येच मार्गारेट बटलरच्या नावाने अजून एक आहे, ती त्यांच्या सुपरकम्प्युटर सेंटरकडे, लिव्हरमोर लॅबला फर्नबाख आहे. प्रत्येकीचा कल वेगळा. विल्किन्सन-हाउसहोल्डर अल्गोरिदम आणि मॅथ्सच्या बाजूला, बटलर म्हणजे मोठ्या मशीनवर खरं सायन्स चालवून दाखव. सगळीकडे एकच अर्ज नाव बदलून पाठवू नकोस, लगेच कळतं.

आता तुझा पॅरा. राग मानू नकोस, तो फाडून टाक. "महत्त्वाची भूमिका बजावतात" हे वाक्य प्रत्येक दुसऱ्या अर्जात असतं, वाचणारा तिथेच चहा आणायला उठतो. तू वर इथे आम्हाला काय लिहिलंस? "तिथे गणित फाटतं." हे लिही ना! कसं फाटतं ते लिही.

खाडीकाठची

फाडला 😅 पण कसं फाटतं हे अर्ध्या पानात कसं बसवू? इथे लिहून बघते, तुम्ही सांगा कुठे कंटाळा येतो.

समीकरणात दोन गोष्टींचा हिशोब ठेवतो, पाण्याची उंची आणि उंची गुणिले वेग. वेग हवा असेल तर दुसऱ्याला पहिल्याने भागायचं. खाडीच्या मध्यावर उंची पाच मीटर, काही त्रास नाही. पण ओहोटीला चिखलावर पाण्याचा नुसता पापुद्रा उरतो, उंची शून्याजवळ येते, वरही शून्याजवळ खालीही शून्याजवळ, आणि भागाकारातून वेग येतो वादळासारखा, जिथे खरं तर पाणी जेमतेम सरकतंय. वेग वाढला की सीएफएल अटीमुळे (एका स्टेपमध्ये पाण्याने खाडीवर पाडलेल्या एका चौकोनाच्या पुढे जायचं नाही) टाइम स्टेप, म्हणजे सिम्युलेशन एका वेळी जेवढा काळ पुढे सरकतं ती, लहान करावी लागते आणि चार चौकोनांच्या चिखलापायी अख्ख्या खाडीचं सिम्युलेशन रांगायला लागतं. कधी उंची निगेटिव्ह जाते, मग तर संपलंच, स्क्रीनभर नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही'. लोक काय करतात, एका मर्यादेच्या खाली गेलं की उंची शून्य करून टाकतात, पण मग थोडं थोडं पाणी एकतर गायब होतं नाहीतर हवेतून तयार होतं. मी जो लिमिटर, म्हणजे आकड्यांना आवर घालणारा नियम, बनवला त्यात उंची पॉझिटिव्ह राहते आणि पाण्याचा एक थेंब इकडेतिकडे होत नाही.

आणि दुसरी गोष्ट तलाव स्थिर राहण्याची. तळ उंचसखल असला तरी शांत पाणी शांतच राहिलं पाहिजे. साध्या पद्धतीत दाबाची टर्म आणि तळाच्या उताराची टर्म एकमेकांना पूर्ण काटत नाहीत, म्हणजे वारा नाही, बोट नाही आणि ठाण्याच्या मासुंदा तलावात, म्हणजे तलावपाळीला, आपोआप लाटा उठतात. सर मला म्हणायचे, तुझी स्कीम तलावपाळीच्या टेस्टला पास झाली का?

वर्तकनगरचे_मास्तर

ताई, ही तलावपाळीची टेस्ट मी उद्या टीवायच्या वर्गात वापरणार, तुमच्या सरांना नमस्कार सांगा.

तीस वर्षं कॉलेजात शिकवतोय, त्या अनुभवावर सांगतो की तुम्ही अर्जापेक्षा पत्रांची काळजी आधी करा. आपल्याकडे शिफारसपत्र म्हणजे काय, सर म्हणतात तूच लिहून आण, मी सही करतो. मग तीन पत्रं, तिन्ही एकाच माणसाच्या इंग्रजीत, तिन्हींमध्ये हार्डवर्किंग आणि सिन्सिअर. अहो, सिन्सिअर तर आमचा शिपाईपण आहे. पत्रात पाहिजे की या मुलीने अमुक अडचण अशी सोडवली, आणि मला स्वतःला ते सुचलं नसतं. असं लिहिणारा एक तरी माणूस तुमच्या गाईडशिवाय हवा. कॉन्फरन्समध्ये कोणी दोन प्रश्न नीट विचारले असतील, थिसिसच्या परीक्षकाने चांगला रिपोर्ट दिला असेल, तर व्हायवा झाल्या झाल्या त्यांना विचारा, लाजू नका. आणि निदान महिनाभर आधी विचारा, आदल्या रात्री व्हॉट्सॲप करू नका, आमचे विद्यार्थी करतात तसं.

सानपाडा_स्पार्स

इथल्या पर्यायांवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, मी गेल्या वर्षापर्यंत नॅशनल पोस्टडॉकवर होतो.

एनपीडीएफ, म्हणजे हीच नॅशनल पोस्टडॉक फेलोशिप, दोन वर्षांची, वयाची अट ३५, बायकांना पाच वर्षं सूट. आधी सर्ब हे रिसर्चला पैसे देणारं सरकारी मंडळ द्यायचं, २०२३ च्या कायद्यानंतर ते एएनआरएफ या नव्या संस्थेत गेलं, त्यामुळे जुने ब्लॉग वाचून फॉर्म भरायला जाऊ नकोस. यातही मेंटर आधी शोधायचा असतो आणि प्रपोजल तुझं असतं, म्हणजे वर कळवेकर जे म्हणाले ते इथेही आहेच, फक्त कोणी तसं सांगत नाही आणि पोरं गाईडचाच जुना प्रोजेक्ट रंग मारून पाठवतात. प्युअर-अप्लाइड दोन्ही मॅथ्सवाल्यांसाठी एनबीएचएमचा, म्हणजे उच्च गणिताच्या राष्ट्रीय मंडळाचा, पोस्टडॉक आहे, तो अणुऊर्जा खात्याकडून. बंगळुरूला टीआयएफआरचं (टाटा इन्स्टिट्यूटचं) कॅम म्हणजे अप्लिकेबल मॅथ्सचं सेंटर, तिथे तुझ्या विषयाची, हायपरबॉलिक समीकरणांची, जुनी परंपरा आहे, तिथे मेल टाकलीच पाहिजेस. मशीनचीही आता तेवढी बोंब नाही, बंगळुरूच्याच आयआयएससीला परम प्रवेग सुपरकम्प्युटर आहे, ३.३ पेटाफ्लॉप्सचा.

इन्स्पायर फॅकल्टी ही केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान खात्याची फेलोशिप म्हणजे पुढची पायरी. महिना सव्वा लाख, वर्षाला सात लाख रिसर्च ग्रँट, पाच वर्षं. नाव फॅकल्टी असलं तरी पर्मनंट नोकरी नाही, घरी सांगताना हे स्पष्ट सांग, नाहीतर आई नातेवाइकांना पेढे वाटेल आणि पाच वर्षांनी परत तेच प्रश्न, हा माझा स्वानुभव नाही पण मित्राचा आहे.

आणि एक, पैसे. मंजूर होणं आणि हातात पडणं यात फार अंतर असतं. मी होतो त्या संस्थेत अकाउंट्सच्या टेबलावर माझी फाइल पाच महिने बसली होती, कारण युटिलायझेशन सर्टिफिकेटवर (पैसे कुठे खर्च झाले त्याच्या दाखल्यावर) एक सही निळ्या पेनाने हवी होती ती काळ्याने होती. पाच महिने! वाशी स्टेशनच्या स्टॉलवर वडापावची उधारी केलीय मी, डॉक्टर असून. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय उडी मारू नकोस.

घणसोलीचा_मॅनेजर

बघा, मी काय म्हणत होतो.

रबाळे_टू_र्‍हाइन

मला युरोपचं माहीत आहे. मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला एक अट आहे जी लोक विसरतात, ज्या देशात जायचंय तिथे गेल्या ३६ महिन्यांत १२ पेक्षा जास्त महिने राहिलेलं चालत नाही. तू इथेच असल्यामुळे तुला अडचण नाही, उलट फायदा. पीएचडीनंतर आठ वर्षांपर्यंत भरता येते, डेडलाइन बहुतेक सप्टेंबरात असते म्हणजे यंदाची गेली, पण पुढच्या सप्टेंबरसाठी होस्ट, म्हणजे ज्याच्याकडे काम करायचं तो तिथला प्रोफेसर, शोधायला आत्तापासूनच लाग. जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप आहे, पण तिथला प्रोफेसर आधी हो म्हणायला हवा. होस्टला पहिली मेल लिहिताना "रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड ग्रूप" नको. त्यांच्या एका पेपरमधलं एक गणित घे, ते तुझ्या चिखलावर चालव, कुठे तुटलं ते चार ओळीत लिही. मला असंच उत्तर आलं होतं, दुसऱ्या दिवशी, आणि त्यात पहिली ओळ होती की हो, ते आम्हालाही माहितीये.

खारेगाव_कोडर

सीएसजीएफ फेलोशिप पण बघ की, या लॅब्ज ज्याच्या आहेत त्या अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचीच आहे, कम्प्युटेशनल सायन्सचीच, नाव खूप आहे.

कळवेकर_परदेशी

अरे ती पीएचडी करणाऱ्यांसाठी आहे आणि त्यांच्या नागरिकांना किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच. १९९१ पासून चालू आहे, नाव आहेच, पण तिच्या उपयोगाची नाही. हे सगळे एकाच ताटात कालवतात म्हणून नवीन माणसाचा गोंधळ होतो.

नागरिकत्वावरून आठवलं. लॅब ते लॅब आणि जाहिरात ते जाहिरात अट बदलते, म्हणून बाकी काही वाचण्याआधी ती ओळ वाच. जिथे परदेशी चालतो तिथेही भारतीय पासपोर्टवर आत शिरायची मंजुरी वेगळी लागते, तिला वेळ लागतो, निवड झाली की दुसऱ्या दिवशी सामान बांधायचं नाही.

आता ज्याच्यासाठी मी परत लिहायला बसलो ते सांगतो, घड्याळ. या फेलोशिपांना "पीएचडीनंतर अमुक वर्षांच्या आत" अशी अट असते, कुठे तीन, कुठे पाच, आणि ती कुठल्या तारखेपासून मोजायची हे शब्द न शब्द वाच. माझा व्हायवा मे महिन्यात झाला. विद्यापीठाने नोटिफिकेशन काढलं जानेवारीत. मधले आठ महिने मी दर पंधरा दिवसांनी कळव्याहून लोकलने जायचो, तिसऱ्या मजल्यावर खिडकी क्रमांक चार, तिथे एक बाई बसायच्या, त्या माझ्याकडे न बघता म्हणायच्या "साहेबांच्या टेबलावर आहे". एकदा साहेबांचं टेबल उघड्या दारातून दिसलं, त्यावर फक्त डबा होता. तेव्हा शिव्या घातल्या, नंतर कळलं की ज्या फेलोशिपला मी भरत होतो तिथे डिग्रीच्या तारखेपासून मोजत होते, म्हणजे त्या आठ महिन्यांनी माझं एक अख्खं वर्ष वाचवलं. पण दुसऱ्या एका ठिकाणी नेमकं उलटं झालं, त्यांना जॉइन व्हायच्या दिवशी डिग्री हातात हवी होती आणि माझ्याकडे नुसता व्हायवाचा फोटो, शाल आणि नारळ घेतलेला. तेव्हा व्हायवा झाला की त्याच दिवशी रजिस्ट्रारकडे अर्ज दे, "सर्व अटी पूर्ण, पदवी प्रदान होणे बाकी" असं लेटरहेडवर पत्र हवं म्हणून, तारीख आणि शिक्का असलेलं. दोन प्रती घे, दोन्हीवर ओला शिक्का.

रबाळे_टू_र्‍हाइन

मारी क्युरीला यशस्वी व्हायवा झाला की चालतं, पदवी हातात नसली तरी. पण तसं पत्र लागतंच, कळवेकर म्हणतायत ते सोळा आणे खरं.

सानपाडा_स्पार्स

जे-वन या रिसर्च-एक्स्चेंजवाल्या अमेरिकन व्हिसाचं जुनं भूत पण कोणीतरी घालेल तुझ्या मनात, की दोन वर्षं परत येऊन राहावंच लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने स्किल्स लिस्ट, म्हणजे ज्या देशांच्या लोकांना ही अट लागते त्यांची यादी, बदलली, त्यात भारत नाही. सरकारी पैशावर गेलीस तर मात्र ती अट लागू शकते, व्हिसाच्या कागदावर काय छापून येतं ते बघ.

वर्तकनगरचे_मास्तर

ताई, एकच छापलेला पेपर म्हणून तुम्ही कचरताय, पण तुमचा कोड कुठे आहे? या क्षेत्रात तो अर्ध्याहून जास्त बोलतो.

खाडीकाठची

कोड लॅपटॉपवर आहे मास्तर 🙈 फोल्डरचं नाव फायनल_फायनल_२_नवीन.

कळवेकर_परदेशी

आई गं.

हे मात्र याच आठवड्यात निस्तर. आर्गोनचं नाव जगात ज्या गोष्टींनी आहे त्यातल्या दोन म्हणजे पेट्सी आणि एमपीआयसीएच, दोन्ही मोठ्या मशीनवर गणितं चालवायची सॉफ्टवेअर, दोन्ही कोणीही उतरवून चालवू शकतं. त्यांच्या नजरेत कोड म्हणजे पेपरचं शेपूट नाही. गिटहबवर (कोड सगळ्यांसाठी ठेवायची साइट) टाक, वर रीडमी, म्हणजे माहितीची फाइल, लिही की कुठली कमांड दिली की कुठलं चित्र येतं. तलावपाळीची टेस्ट त्यात पहिली ठेव, एका मिनिटात चालणारी. वाचणाऱ्याने ती चालवली आणि तलाव शांत राहिला की तुझं अर्धं स्टेटमेंट त्याने वाचलंच असं समज. आणि गाईडला विचारून टाक हां, लायसन्स काय ठेवायचं तेही, नाहीतर नंतर वाद.

आणि पुढे काय करणार ते नाही सांगितलंस. आत्तापर्यंत जे लिहिलंस ते थिसिस झालं. फेलोशिप मिळते ती पुढच्यासाठी.

खाडीकाठची

तेच तर सुचत नव्हतं, म्हणजे होतं पण फालतू वाटत होतं. काल क्लासवरून येताना ट्रान्सहार्बर लोकल दिघ्याला थांबली होती, समोर ओहोटी, चिखल उघडा, आणि गाडीत एका डब्यात पाय ठेवायला जागा नाही आणि शेजारचा फर्स्ट क्लास रिकामा. तेव्हा डोक्यात आलं की माझा कोड मोठ्या मशीनवर असाच वागतो! खाडीचे तुकडे करून प्रत्येक प्रोसेसरला एक वाटून देते, ओहोटीला चिखलवाल्या प्रोसेसरना कामच नसतं, ते बसून राहतात आणि मधल्या प्रवाहवाल्यांची वाट बघतात. भरती आली की उलट, कडेला बारीक टाइम स्टेप लागते म्हणून तेच मागे पडतात आणि बाकीचे थांबतात. भरती-ओहोटीची वेळ तर आपल्याला आधीच माहीत असते, पंचांगात छापलेली असते, मग कामाची वाटणी पाण्याबरोबर आधीच का सरकवू नये? जीपीयूवर (एकच काम हजारो ठिकाणी एकदम करणारी चिप) हे अजून वाईट होतं कारण ओल्या-कोरड्यासाठी प्रत्येक ठिकाणी इफ-एल्स, म्हणजे 'ओलं असेल तर हे, नाहीतर ते', आहे. तिथल्या लॅब्जच्या फ्रंटियर किंवा ऑरोरासारख्या सुपरकम्प्युटरवर असं रिकामं बसणं म्हणजे किती वीज फुकट.

हे पुरेसं आहे का?

सानपाडा_स्पार्स

बाई, हे तू पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंस.

घणसोलीचा_मॅनेजर

आमच्या सर्व्हरचं पण हेच आहे, महिनाअखेरीला कोसळतात आणि बाकी दिवस झोपा काढतात. नोकरी नको असेल तर नको, पण एकदा कॉफीला ये माइंडस्पेस आयटी पार्कला, खरंच ऐकायचंय.

खाडीकाठची

येते 🙂 आणि घरी बोलले. बाबांना सांगितलं की पुढच्या सप्टेंबरपर्यंत सगळीकडे भरते, तोपर्यंत क्लास चालू, नाहीच लागलं तर तुमचं आयटी पार्क कुठे पळत नाही. बाबा म्हणाले ठीक आहे, पण शाल-नारळाचा फोटो आम्हाला पण पाहिजे. सरांना लायसन्सचं विचारलं, ते म्हणाले टाक. नवीन पॅरा:

"ठाण्याच्या खाडीत ओहोटीला मैलोगणती चिखल उघडा पडतो. त्या चिखलावरच्या काही मिलिमीटर पाण्यामुळे संपूर्ण खाडीच्या सिम्युलेशनची टाइम स्टेप ०.५ सेकंदावरून ०.००२ सेकंदावर येते. माझ्या प्रबंधात मी हे पाणी न हरवता ती स्टेप परत ०.१ मिलिसेकंदावर आणली. आता मला ही गणना हजारो प्रोसेसरवर पाण्याबरोबर सरकवायची आहे."

"चिखल" शब्द बरा दिसतो का? सर म्हणाले इंटरटायडल झोन लिही.

कळवेकर_परदेशी

चिखल राहू दे, इंटरटायडल झोन दुसऱ्या पॅरात लिही. आणि तिसऱ्या वाक्यात ०.१ सेकंद हवंय ना? मिलिसेकंद लिहिलंयस, म्हणजे तू ती अजून लहान करून ठेवलीस. पाठवायच्या आधी ते बघ.